यादोरावांचा उपास

प्रफुल्लच्या बरगड्या पाहून यादोराव जळले. दुसऱ्याच्या बरगड्यांचा हेवा करणारा माणूस अख्ख्या लाखांदूर तालुक्यात हा एकच असावा.

गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, मंडईला नाटक होतं, आणि गेली अठ्ठावीस वर्षं नाटकाचा नायक एकच: यादोराव. राजा तेच, डाकू तेच, घरासाठी झिजणारा थोरला भाऊही तेच. यंदा शाळेतल्या संघपाल सरांनी नाटक लिहिलं ते हिटलरच्या छळछावणीतल्या कैद्यांवर. देश कुठलाही असो, नायक आपणच, असं यादोराव धरून चालले होते. सरांनी मुख्य कैद्याचं काम दिलं प्रफुल्लला. कालचं पोर! चोवीस वर्षांचं, आणि अंगावर मांस औषधालाही नाही.

"काका, ह्या पोटानं तुमी कैदी दिसान का?" सर हसून म्हणाले. "तुमच्यासाठी पाव चोरणारा कैदी ठेवला आहे. काम लहान आहे, पण सोपं नाही."

"चोर? मी?"

सर वाचू लागले. लाकडी फळ्यांचे तीन मजले, एकेका फळीवर पाच-सहा माणसं. सकाळी कडू काळं पाणी, दुपारी सलगम नावाच्या कंदाचं पातळ पाणी, संध्याकाळी पावाचा तुकडा. तो तुकडा लोक डोक्याखाली घेऊन झोपत, कारण शेजारचाच न्यायचा. ऐकणाऱ्यांचे डोळे भरले. यादोरावांचे कोरडेच होते. ते प्रफुल्लकडे पाहत होते. ऐकताना डोळे किती मोठे करतो मेला! आतापासूनच नाटकं.

"भूकच दाखवाची आहे ना?" ते उठले. "उपास आमच्या घरात पिढीजात आहे. रविवारवरी मी त्यायच्यावानी खातो. मंग ठरवा नायक कोण ते."

घरी नवा तांदूळ शिजत होता. धुरपताबाईंनी ताट वाढलं, तर यादोरावांनी पाट सरकवून दिला.

"काय जी, एकादशी तर होऊन गेली न? काहून उपास करून राहिले?"

"कलेसाठी," यादोराव म्हणाले. सकाळी कोरा चहा, दुपारी सलगमच्या जागी मुळ्याचं पाणी, संध्याकाळी पावाचा तुकडा, असा बेत ठरला.

पहिला दिवस मजेत गेला. भेटेल त्याला त्यांनी उपासाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी चौकात प्रफुल्ल समोसे खाताना दिसला, एकामागून एक चार. हा खाऊन वाळका आणि आपण न खाता गोल! देवाच्या घरी न्याय नाही, हे यादोरावांना त्या दिवशी पटलं. चौथ्या दिवशी मात्र नाटक, नायक, प्रफुल्ल सगळं मागे पडलं. आता त्यांना धुरपताबाईंच्या ताटाचा हेवा वाटू लागला. तिच्या भाताचा ढीग केवढा, तिला वरण किती, ती किती सावकाश चावते. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या ताटात कधी डोकावून पाहिलं नव्हतं. आता नजर हटेना, आणि तिचा रागही आला.

रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात तालीम होती. बाकावर प्रफुल्ल झोपलेला, डोक्याखाली लाखांदूरहून आणलेला खराखुरा पाव. यादोरावांनी तो हळूच काढायचा, थबकायचं, लाजायचं आणि परत ठेवायचा, असं सरांनी लिहिलं होतं.

यादोरावांनी पाव काढला. त्याचा वास नाकात गेला. ते थबकले नाहीत. त्यांनी तो तोंडात कोंबला. प्रफुल्लनं दचकून हात धरला, तसा त्यांनी त्याला सगळ्या ताकदीनं ढकललं. पोराचं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं. यादोराव चावतच राहिले.

तालीम बघणाऱ्यांच्या टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा काका!" कोणीतरी ओरडलं.

सरांनी टाळी वाजवली नाही. यादोरावांनी घास गिळला आणि मग त्यांना प्रफुल्लच्या कपाळावरचं टेंगूळ दिसलं.

"सर," ते खाली बसले, "मी ॲक्टिंग नाही केली जी."

"माहीत आहे, काका." सर जवळ आले. "आपल्या उपासाले पारणं असते. उद्या सोडाचा आहे हे माहीत असते, म्हणून माणूस निभावते. त्यायच्या उपासाले पारणंच नव्हतं."

यादोरावांनी बोटांवर दिवस मोजले. आपले पाच दिवस, आणि तेही बायको वाढायला तयार असताना.

तेवढ्यात कपाळ चोळत प्रफुल्लनं पिशवीतून दुसरा पाव काढला. "काका, हा घ्या. मी दोन आणले होते."

यादोरावांना पुन्हा त्या पोराचा हेवा वाटला. टेंगूळ अजून ठणकत असेल, आणि हात पुढे आला होता. तसा आपला हात पुढे आला नसता, हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं.

"सर, चोराचं काम मीच करतो," ते म्हणाले. "पण त्यानं पाव परत ठेवला, हे खोडा. आपला तुकडा दुसऱ्याले देणाराही कोणी असनच तिथं. त्याचं काम ह्या पोरालेच द्या."

मग त्यांनी प्रफुल्लच्या हातातला पाव घेतला. नको म्हणायची ताकद त्यांच्यात नव्हती.