एका दमात

माणूस श्वासावर जगतो, हे चिरंतन सत्य आहे. बसस्थानकावरच्या भोंग्याला मात्र पगारही श्वासावरच मिळत असे. भोंगा हे सहकाऱ्यांनी ठेवलेलं नाव. काम गाड्यांच्या घोषणा करण्याचं. वजन एकशे अठ्ठावीस किलो. पोट छातीला फुलूच देत नव्हतं. गाडीचं गाव सांगून झालं की धाप लागे, आणि फलाटाचा आकडा तोंडातून निघेपर्यंत गाडी निघालेली असे.

"तीन महिने देतो," साहेबांनी बजावलं होतं. "एका दमात घोषणा जमली तर ठीक. नाहीतर हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसा."

म्हणून तो दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालून दाखवत होता. वाटेतल्या तिन्ही खुर्च्यांवर टेकून झालं होतं. व्यायामाच्या बाई मागून येत होत्या.

"बाई, तुम्ही पुढे व्हा ना. संकोच वाटतो."

"मी पुढे झाले तर तुम्ही माझ्या वेगानं चालाल, काका. मला तुमचा वेग हवाय."

भोंग्यानं पुढचं पाऊल टाकलं. बायकोसकट सगळं जग आजवर त्याच्या दहा पावलं पुढे चालत आलं होतं. आपला वेग कुणाला हवा असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आहाराच्या बाईंकडे मात्र रोजच्या जेवणाची वही तपासली गेली. पानोपानी एकच नोंद : जेवण बेताचं.

"बेताचं म्हणजे किती?"

"वाढणारीला विचारा."

"मी वाढते एकदा, हे घेतात तीनदा!" सोबत आलेली बायको कडाडली. त्या दिवसापासून भातवाढी तिच्या ताब्यात गेली. रोज सकाळी ती नवऱ्याच्या मागून चालू लागली.

"अहो, चला की जरा!"

"ढकलायचं नाही. बाईंनी सांगितलंय."

तीन महिन्यांत वजन अकराच किलो उतरलं. पण वाटेतल्या खुर्च्या सुटल्या.

ठरल्या दिवशी साहेब घोषणेच्या खोलीत येऊन उभे राहिले. व्यायामाच्या बाईही आल्या आणि सवयीनं त्याच्या मागे थांबल्या. भोंग्यानं बटण दाबलं. गाव, वाटेतले थांबे, फलाट, वेळ, कुठेही न अडता शेवटपर्यंत.

"जमलं. खुर्ची तुमचीच," साहेब म्हणाले.

भोंगा बाईंकडे वळला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आज श्वासही होता. तरी त्यानं नुसते हात जोडले.

"काका, उद्याही चालायचंय हं," बाई म्हणाल्या.

फलाटावर तेव्हा दोनच उतारू होते, आणि दोघंही दुसऱ्या गाडीचे होते.