परातीतलं पिवळं पाणी

"पिवळं निघालं बघ, पोरी. आता जगंल हे."

हा आवाज कुशाबाईच्या वडिलांचा. ऐकून पन्नास वर्षं झाली असतील. मेंढ्या खतासाठी कुणाच्या तरी रानात बसायला होत्या आणि दिवस भरायच्या आत एक कोकरू जन्मलं होतं. अंगावरची लोकर पिवळी, चिकट. वडिलांनी घोंगडीच्या कोपऱ्यानं ते पुसून काढलं. पिवळं घोंगडीवर उतरलं, तसं त्यांनी कोकरू लेकीच्या पोटाशी फडक्यानं बांधून दिलं. ते जगलं. पुढं मेंढ्या गेल्या, शेती आली, लग्न होऊन कुशाबाई वरवंडला आली. आवाज तेवढा राहिला.

रविवारी सकाळी घोड नदीकाठच्या एका मळ्यात, पत्र्याच्या मांडवाखाली रांगेत बसल्यावर तिला तोच आवाज आठवत होता. पदराखाली, छातीशी, नऊ दिवसांची नात होती.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पृथ्वीराजबाबा बसलेले. पुढ्यात स्टीलची परात, एका हाताशी वाटीत झाडपाल्याचं तीर्थ, दुसऱ्या हाताशी तांब्या.

"डाक्तर काय लावतोय?" बाबा ओरडले.

"लाईट!" गर्दी म्हणाली.

"आन् आपण?"

"पाणी!"

"त्याचं मशीन बंद पडतंय. नदी बंद पडती का?"

"न्हाई!"

घोड दर उन्हाळ्यात बंद पडते, हे काठावर राहणाऱ्या त्या माणसांतल्या एकालाही आठवलं नाही. चमत्कार बघायला आलेला माणूस स्मरणशक्ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

बाबा आजाऱ्याच्या तळहातांना तीर्थ चोळायचे, ओठ हलवायचे आणि तांब्यातलं स्वच्छ पाणी वरून सोडायचे. हातांवरून परातीत हळदीसारखं पिवळं उतरायचं. दुसऱ्यांदा फिकं, तिसऱ्यांदा नितळ. "सुटली!" बाबा म्हणायचे, आणि मांडव हात जोडायचा. गुडघे दुखतात म्हणून आलेल्या एका आबांचीही कावीळ निघाली.

"बाबा, माझा गुडघा वो," आबा म्हणाले.

"त्यातच लपली व्हती!" बाबा म्हणाले. आबा लंगडत, पण समाधानानं गेले.

कुशाबाईचा नंबर आला.

"किती दिसाची?"

"नऊ. आठव्यातच आली, बाबा."

बाबांनी अंगठ्यानं इवल्या तळहातांना, तळपायांना तीर्थ चोळलं. पाणी सोडलं. परातीत पिवळा ओघळ उतरला. बाळ रडलंसुद्धा नाही, नुसतं कुरकुरलं. किती शहाणी पोर, असं बायका म्हणाल्या. त्याच्यात रडण्याचंही त्राण उरलं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"आता रक्त तपासू नगा, आजी. सुई टोचली की परत चढती."

कुशाबाईनं परातीकडं पाहिलं आणि तिला रडू फुटलं. पिवळं निघालं होतं.

घरी साधना, तिची सून, वाट बघत होती. पोटाचं ऑपरेशन ताजं, उठबस जमत नव्हती. मल्हार, कुशाबाईचा मुलगा, कंपनीत पहिल्या पाळीला. "दौंडला नेऊन तपासून आणते," असं साधनाला सांगून कुशाबाई निघाली होती, आणि दौंडची गाडी सोडून उलटीकडं चौफुल्याला उतरून तिनं न्हावऱ्याची जीप धरली होती.

दौंडच्या दवाखान्याचं तिच्याशी काही वाकडं नव्हतं. उलट तिथंच तिला मान मिळाला होता. पोरगी अठराशे ग्रॅमची, काचेच्या पेटीत ठेवलेली. आसमीन सिस्टर, दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, एक दिवस म्हणाली, "मावशी, आईला बसवत नाही, तर तुम्ही घ्या. उघड्या छातीशी बांधायचं. माणसाची ऊब लागते."

कुशाबाई हसली. "हे तू मला शिकवतीस व्हय? आमी कोकरं अशीच जगवली." मग तिनं त्या कोकराची सगळी गोष्ट सांगितली. रोज चार-चार तास ती खुर्चीत हलायची नाही, आणि हळू म्हणायची,

*उराशी बांधते गं, ओंजळीएवढी माझी नात*
*दिव्याला वारा नको, आडवा धरते मी हात*

पण मधले दोन दिवस पोरीला कावीळ झाली. डोळ्यांवर पट्टी, अंगावर कापड नाही, वरून निळा उजेड. बाहेरून कुशाबाईला फक्त रडणं ऐकू यायचं, उचलता यायचं नाही. ते दोन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. सातव्या दिवशी घरी सोडताना आसमीन म्हणाली होती, "परवा आणा. कावीळ परत चढू शकते. आणि तळपाय पिवळे दिसले तर परवाचीही वाट बघू नका." हे ऐकायला कुशाबाई एकटीच होती.

शनिवारी संध्याकाळी अंगाला तेल लावताना तिनं तळपाय पाहिले.

परत तो उजेड. परत ती पट्टी. नको. शेजारणीनं बाबांचं नाव सांगितलेलं होतं.

मंगळवारी पहाटे पोरीनं दूध ओढणं सोडलं. अंग धनुष्यासारखं मागं वळलं, रडणं चिरकं झालं. मल्हारनं शेजाऱ्याची गाडी काढून तिला दौंडच्या दवाखान्यात नेलं. रक्तातलं पिवळं मेंदूपर्यंत पोचलंय, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. त्यानं अर्धंच ऐकलं. दुपारी पोरगी गेली. तिचं बारसंही व्हायचं होतं.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आईचं दूध बाधलं.

साधनानं ते बोलणं मनात धरून ठेवलं. छाती ठणकायची, तेव्हा ती मोरीत बसून दूध पिळून टाकायची आणि पाण्याबरोबर ते वाहताना बघत राहायची. सासूला ती आत्या म्हणायची. एकदा म्हणाली, "आत्या, रविवारी दवाखान्यात तपासलं तवा चांगली हाय म्हणाले ना? मग ह्या दुधानंच मारलं तिला."

"गप, बाई," कुशाबाई म्हणाली.

बारा दिवसांनी आसमीन भेटायला आली. साधना आतल्या खोलीत पडून होती. आसमीननं पिशवीतून एक बाटली काढली. आत फिकट तांबूस पाणी.

"आंब्याच्या झाडाची साल भिजवलेली. तुमच्या डबीतला चुना द्या, मावशी." तिनं चुना तांब्यातल्या पाण्यात ढवळला आणि खाली बसू दिला. वरचं पाणी नितळ झालं.

"हात पुढं करा."

तिनं घरातली परात खाली ठेवली, बाटलीतलं पाणी कुशाबाईच्या तळहातांना चोळलं आणि तांब्यातलं सोडलं. परातीत पिवळं उतरलं.

"तुम्हाला कावीळ आहे?"

आसमीननं स्वतःचे हात पुढं केले. पिवळं. "मला आहे?" मग हात बाजूला घेऊन दोन्ही पाणी नुसतंच परातीत ओतलं. पिवळं.

"आणि ह्या परातीला?"

कुशाबाईनं परातीतल्या पिवळ्या पाण्यात बोट बुडवून बघितलं.

"कोकराचं पिवळं लोकरीवर असतं, मावशी. पुसलं की निघतं. बाळाचं रक्तात असतं, ते धुऊन निघत नाही. ज्या घरात बाळ पिवळं दिसेल, तिथं बाबा नको, अंगारा नको. रक्त तपासायचं आणि त्या निळ्या उजेडाखाली ठेवायचं. वेळेवर आणली की बहुतेक सगळी जगतात."

"सगळी?"

"बहुतेक सगळी." आसमीनचा आवाज खाली आला. "मंगळवारी तिला आणली तेव्हा तिच्या तळव्यांवर चुन्यानं लाल चट्टे उठले होते. मी ओळखलं. मल्हारभाऊंपुढं बोलले नाही. आता बोलायचं ते तुम्ही बोला."

ती गेली. आत मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला. कुशाबाई उठून आत गेली. साधना भिंतीकडं तोंड करून बसली होती, पदर बाजूला. कुशाबाई तिच्याशेजारी ओल्या फरशीवरच बसली आणि तिचं मनगट धरलं.

"पिळू नगंस. ऐक माझं. तळपाय पिवळे झालेले मी शनवारीच बघितले. सिस्टरनं सांगितलं व्हतं, असं दिसलं की पळत या. तुला मी ते सांगितलंच न्हाई."

साधना वळली.

"रविवारी मी दौंडला गेलेच न्हाई. बाबाकडं गेले. तिला परत त्या पेटीत घालतील, मला धरता यायची न्हाई, म्हणून गेले. दोन दिस माझ्यापायी गेले, बाये. तुझ्या दुधात कायबी खोट नव्हती."