मागचं डावं दार

"हात लावू नका बाई, पत्र्याची कड बोटात जाईल," रंगवाला म्हणाला आणि मागच्या डाव्या दारापुढं उकिडवा बसला.

बाईंनी हात मागं घेतला. ओरखडा दाराच्या मुठीखालून निघून थेट मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत गेला होता. मध्ये वीतभर पत्रा आत दबला होता. गाडी पाच आठवड्यांची. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मुलानं अजून काढलं नव्हतं.

"खांब ना?"

"फाटकाचा."

"चुना लागलाय अजून. कोणी घातली?"

"घातली कोणीतरी."

रंगवाल्यानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. बाईंनी अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि रिव्हर्ससाठी तीन आठवडे रडवलं होतं. "खांब हलणार नाही रे बाबा, त्याला पाय नाहीत. तूच बघ," हे त्यांचं वाक्य त्याला अजून पाठ होतं.

"उद्या दुपारपर्यंत होईल का? मुलगा संध्याकाळी गावाहून येतोय."

"रंग होईल. जुळतो का ते बघावं लागेल."

"नवी गाडी, कंपनीचाच रंग. न जुळायला काय झालं?"

"रंगाचा नंबर मिळतो हो, दाराच्या आतल्या पट्टीवर असतो. पण एका आईची लेकरं तरी कुठं सारखी असतात? ह्या राखाडीत चकाकीचा भुगा आहे. डब्यात एक दिसतो, फवारला की दुसरा, वाळला की तिसरा. मुलाला कळता कामा नये, असंच ना?"

"असंच," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगाच होता. जेवलीस का, छोटी शाळेत गेली का, असं विचारून शेवटी म्हणाला, "गाडी बरी आहे ना गं?"

"बरी आहे की. तिला काय होतंय?"

फोन ठेवून बाईंनी पुन्हा त्या दाराकडं पाहिलं. त्यांना मुलाच्या रागाची भीती नव्हती. तो ओरडणाऱ्यातला नव्हताच. भीती दुसरीच होती, कालपासूनची.

काल नात मागच्या सीटवर बसली होती, डाव्या खिडकीशी. फाटकातून गाडी आत घेताना ती म्हणाली, "आजी, खांब."

"कुठं गं?" बाईंनी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. डावीकडे पाहूनच विचारलं होतं, आणि तिथं खांब नव्हता. तीस वर्षं त्याच जागी उभा असलेला खांब. मग तो आवाज झाला. बाई उतरून मागं गेल्या तेव्हा काचेपलीकडं नातीचा चेहरा होता आणि खांब त्या काचेपासून वीतभर लांब.

"बाबाला सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या होत्या. सहा वर्षांच्या पोरीनं शहाण्यासारखी मान हलवली होती.

तसं बरेच दिवस काही ना काही होत होतं. डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. डावीकडून येणारं माणूस एकदम जमिनीतून उगवल्यासारखं समोर यायचं. प्रत्येक वेळी बाईंनी ते वयावर ढकललं होतं. आज इथवर गाडी आणताना मात्र त्यांनी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नव्हती. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि त्या प्रत्येक चौकात मान पूर्ण वळवून पाहत होत्या. मान वळवली तरी भरवसा वाटत नव्हता.

गाडी रंगवाल्याकडे ठेवून त्या रिक्षानं घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या तेव्हा त्यानं पत्रा ठोकून सरळ केला होता, त्यावर खळगे बुजवणारी लांबी भरून घासली होती. ओरखड्याच्या जागी आता एक फिकट, मऊ डाग होता. रंगवाल्यानं गाडी ढकलत उन्हात आणली.

"रंग उन्हात बघायचा असतो. ट्यूबलाइटखाली सगळेच गोरे," तो म्हणाला. त्यानं रंग मारून वाळवलेले पत्र्याचे तुकडे दाराच्या चांगल्या भागावर चिकटवले. "मी सकाळपासून बघून बघून आंधळा झालोय. तुमची नजर ताजी आहे. सांगा, कुठला मिसळतोय?"

बाई वाकल्या. "हा जरा निळसर आहे. आणि हा फिका. दोन्ही नाहीत बसत."

"आणि तिसरा?"

"तिसरा कुठाय?"

रंगवाल्यानं त्यांच्याकडं पाहिलं. बाईंना वाटलं, थट्टा करतोय. त्यांनी पुन्हा पाहिलं. दोनच तुकडे होते. मग त्यांनी हळूहळू मान डावीकडं वळवली, आणखी वळवली, आणि पडद्याआडून कोणी बाहेर यावं तसा तिसरा तुकडा समोर आला. तो दारात इतका बेमालूम मिसळला होता की फक्त चिकटपट्टीमुळंच कळत होता.

"असा मिसळला म्हणून दिसला नसेल," रंगवाला घाईनं म्हणाला.

"चिकटपट्टी तर पांढरी आहे."

त्यानं स्वतःचा हात बाईंच्या डाव्या बाजूला नेला असावा, कारण थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "बाई, बोटं किती?"

"कुठली बोटं?"

रंगवाल्यानं स्टूल पुढं ओढलं आणि त्यांना खाली बसवलं. त्याच्या हाताला थिनरचा वास येत होता.

"कधीपासून आहे हे?"

"माहीत नाही रे." त्यांचा आवाज बारीक झाला. "कोणाजवळ बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? झाकायचंच काम आहे माझं." तो दारापुढं उकिडवा बसून चिकटपट्ट्या काढू लागला. "पण पोरीला शाळेतून तुम्हीच आणता ना?"

रंगवाला उत्तरासाठी थांबला नाही. तो उठला, काचांवर आणि चाकांवर कागद लावू लागला.

दुपारी गाडी तयार झाली. "आता शोधा, कुठं लागलं होतं," तो म्हणाला. बाईंनी दारावरून तळवा फिरवला, वाकून, बाजूनं, उन्हात. कुठंच काही सापडलं नाही. काहीच घडलं नव्हतं असं ते दार म्हणत होतं. आता एवढंच करायचं होतं, घरी जायचं आणि गप्प बसायचं.

त्या स्टिअरिंगशी बसल्या. किल्ली लावली. आरसा नीट केला. समोर रस्ता मोकळा दिसत होता. बाई त्या मोकळ्या रस्त्याकडं पाहत राहिल्या. तो खरंच मोकळा होता का, हे त्यांना सांगता येत नव्हतं. एखादी सायकल असेल. एखादं मूल असेल, दप्तर घेतलेलं. त्यांनी किल्ली काढली आणि त्या खाली उतरल्या.

"तू चल," त्या रंगवाल्याला म्हणाल्या. "घरापर्यंत सोड."

"मी? बाई, तुम्ही शेजारी बसलात की अजून माझा क्लच चुकतो."

"चुकू दे."

त्यानं गाडी फाटकातून अलगद आत नेऊन लावली.

मुलगा आला तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. त्यानं बॅग खाली ठेवायच्या आधीच बाईंनी त्याला गाडीपाशी नेलं आणि मागच्या डाव्या दारावर बोट ठेवलं.

"इथं लागलं होतं. परवा. माझ्या हातून. छोटी आत होती."

तो दचकला. खाली बसला, दारावरून हात फिरवला, डोळे बारीक करून पाहिलं. "कुठं गं आई? मला तर काहीच दिसत नाही."

"मलाही दिसला नाही," बाई म्हणाल्या. "खांब."

"म्हणजे?"

"ह्या बाजूचं मला दिसत नाही रे. डॉक्टरकडं ने मला."

त्यानं मान वर केली नाही. तो दारावर हात ठेवून तसाच बसून राहिला. बाई त्याच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडं गेल्या आणि तो आपल्या उजव्या हाताला येईल अशा उभ्या राहिल्या, म्हणजे उठला की त्यांना दिसला असता.