नानासाहेबांचा दाब

माणसाची खरी किंमत त्याच्या दाबावर ठरते, हे सत्य त्रिकालाबाधित आहे. पंचक्रोशीत नानासाहेबांचा दाब एवढा, की त्यांची मोटार दिसताच लोक बैलगाडी रस्त्याखाली घेत. हा दाब एका मंगळवारी दौलताबादच्या घाटात उतरला. मेंढरांनी भरलेला तीनचाकी टेम्पो फटफटत मागून आला, मोटारीच्या पुढं गेला, आणि फळीवरून मान काढलेल्या एका मेंढ्यानं वळण येईपर्यंत नानासाहेबांकडं टक लावून पाहिलं.

"कडूबा," नानासाहेब ड्रायव्हरला म्हणाले, "मेंढरं पुढं गेली."

"व्हय जी."

"तीन चाकांवर."

"व्हय जी."

टेम्पो बिरूचा होता आणि बिरू हा कडूबाचा सख्खा मेहुणा, ही माहिती कडूबानं दिली नाही. आणखीही एक दिली नाही.

मोटार जुनी, इंग्रजी. पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदारानं हैदराबादला निघून जाताना नानासाहेबांच्या वडिलांना विकलेली. त्याला आता वीस वर्षं झाली होती, पण इंजिनात अजून दम होता. दम नव्हता तो कडूबात. मोटारीवर येण्याआधी पंधरा वर्षं त्यानं नानासाहेबांची बैलगाडी हाकली होती. बैलाला दरीचं भय असतं. कड आली की तो आपणहून थांबतो. मोटारीला भय नाही. त्यामुळं बैलाच्या वाट्याचं भयही कडूबालाच बाळगावं लागे. वर्षभरापूर्वी त्यानं त्यावर उपाय काढला. फाटक्या टायरचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि ॲक्सिलेटरच्या पायपट्टीमागं, काथ्याच्या चटईखाली, बसवून टाकला. मग पाय कितीही दाबा, पट्टी अर्ध्यावर अडे.

हे उघडं पडलं तर नोकरी जाणार, हे नक्की होतं. नोकरी गेल्यावर काय, तेही नक्की होतं. बायकोनं, मंजुळाबाईनं, ठरवूनच ठेवलं होतं. "माझ्या भावाला टेम्पोत मागं बसायला माणूस लागतंय. मेंढरं धरायला."

"पण गेलीच कशी पुढं?" नानासाहेबांनी विचारलं.

काहीतरी बोलणं भाग होतं. कुठंतरी कानावर पडलेला शब्द कडूबाच्या तोंडात आला.

"इंजिनाचा दाब कमी झालाय, साहेब."

दुसरा कुठलाही रोग चालला असता. दाब कमी होणं नानासाहेबांना परवडणारं नव्हतं.

"वाढव," ते म्हणाले.

शहरात शहागंजात मोटारी दुरुस्त करणाऱ्या हबीब मिस्त्रींनी बॉनेट उघडून आधी इंजिनाकडं पाहिलं, मग नानासाहेबांकडं.

"बढता ना साहब. इंजन का हेड निकालना, नीचे से घिसना, वापस बिठाना. अंदर जगा कम, तो दाब जास्ती. ताकद बढती."

"किती घासता?"

"आधा सूत बी भौत हुआ. इंच का सोलवाँ हिस्सा."

"एक सूत घासा," भाजीवर कोथिंबीर मागावी तसं नानासाहेब म्हणाले आणि टांग्यात बसून निघून गेले.

कडूबा मागं राहिला. "मिस्त्री, ह्यात धोका नाय ना?"

"देखो मियाँ. एस्टी में साठ लोगां बैठे, आराम से. वोइच साठ लोगां टांगे में ठूँसो और एक को चिमटी काटो. क्या होता?"

"काय व्हतंय?"

"वोइच पिस्टन के ऊपर होता. पेट्रोल अच्छा मिला तो गाडी उडती. हलका मिला तो अंदर से आवाज आती. टक, टक, टक."

"आन् मग?"

मिस्त्रींनी मूठ मिटली आणि एकदम उघडली. "आवाज आयी तो समझ लो."

काय समजायचं ते त्यांनी सांगितलं नाही. कडूबाला ते न सांगताच पुरलं.

मोटार चार दिवस मिस्त्रींकडं होती. मिस्त्री चटई उचलील, ही कडूबाची एक भीती. नाही उचलली तरी इंजिन फुटेल, ही दुसरी. पहिलीनं जेवण जाईना, दुसरीनं झोप लागेना. मंजुळाबाई म्हणाली, "असं काय करायलाव? आजून तर मेंढरं धरली बी नाय." आधार एकच होता. रबर जागेवर आहे तोवर दाब किती का वाढेना, पाय अर्ध्यावरच थांबणार.

पुढच्या मंगळवारी मोटार आली. नानासाहेब नेहमीप्रमाणं मागं न बसता पुढं, कडूबाच्या शेजारी बसले. आता चटईखाली हात घालून बघायची सोय उरली नाही.

"घाटात चल."

बाजारातून, छावणीतून कडूबानं गाडी अशी नेली, की दोन सायकली पुढं गेल्या. दौलताबादच्या वेशीतून तो बाहेर पडला. पहिल्या वळणावरच समोर मेंढरं दिसली. मेंढा होताच.

"घे पुढं," नानासाहेब म्हणाले.

उजवीकडं दरी होती. कडूबानं डोळे अर्धे मिटले आणि रबराच्या भरवशावर पाय दाबला.

अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसा तो खाली गेला. जातच राहिला. रबर नव्हतं.

मोटार असं काही ओरडली, की जहागीरदारानंही ते कधी ऐकलं नसेल. मिस्त्रीला कळलं, हा विचार कडूबाच्या मनात आला. मिस्त्रीला कळलं म्हणजे नानासाहेबांना... पण तो पुरा करायला सवड नव्हती. टेम्पोची फळी अंगावर आली, बाजूला सरली, बिरूचा आ वासलेला चेहरा खिडकीशी आला.

"दाजी! कुठं निघालाव?"

हे कडूबालाही माहीत नव्हतं. आणि तेवढ्यात आवाज सुरू झाला.

टक. टक. टक.

पाय उचलायला हवा होता. पण पाय उचलायचा कसा, हेच तो विसरला होता. वर्षभर ते काम रबराकडं होतं. वळण आलं. टकटक वाढली. साठ माणसं टांग्यात कोंबलेली त्याला डोळ्यांपुढं दिसली, आणि साठांनाही कुणीतरी चिमटे काढत होतं. त्यानं बिरोबाला मेंढा कबूल केला. कुठला मेंढा, ते ओघानंच आलं. दुसऱ्या वळणाला मागचं चाक खडीवर घसरलं आणि दरीचा वारा सदऱ्यात शिरला. आता फुटतंय, आता फुटतंय, म्हणत तो तिसरं वळण चढला, खुलताबादच्या अलीकडं सपाटीवर आला आणि दोन्ही पाय ब्रेकवर देऊन उभाच राहिला.

किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

टक, टक, टक, टक.

कडूबानं हळूच मान वळवली. नानासाहेबांचा हात दाराच्या लोखंडी पट्टीवर होता. हात थरथरत होता आणि पुष्कराजाची अंगठी पट्टीवर वाजत होती. दोघांनीही त्या हाताकडं पाहिलं. नानासाहेबांनी तो खिशात घातला. आवाज थांबला.

"कडूबा."

"जी."

"मागं पडली का मेंढरं?"

"लई मागं."

"हां. दाब जरा जास्तीच झाला म्हणायचा."

"जरासा, जी."

"मिस्त्रीला सांग, पहिला होता तेवढा कर. माणसाचा दाब असावा, पण त्यानं तो दाखवू नाय."

तेवढ्यात टेम्पो फटफटत आला आणि पुढं निघून गेला. नानासाहेब त्या वेळी दुसरीकडं पाहत होते.

दुसऱ्या दिवशी कडूबा एकटाच शहागंजात गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. मिस्त्रींनी फळीवरून वर्तमानपत्राची पुडी काढून त्याच्या हातात दिली. आत टायरचा तुकडा होता.

"ये लो तुम्हारा दाब."

"साहेबाला सांगितलं काय?"

"कैकू? मेरेकू क्या करना."

कडूबाच्या जिवात जीव आला. मग त्याला उरलेलं काम आठवलं. "आन् त्ये हेड? घासलेलं लोखंड परत वाढतंय व्हय?"

"हेड कौन खोला?" मिस्त्री म्हणाले.

हेड एकदा खोललं की त्याखालचं गॅस्केट नवंच घालावं लागतं, आणि त्या मोटारीचं गॅस्केट शहागंजात छप्पन सालापासून मिळत नव्हतं.