चौथ्या रोपाचा तुरा

माझं डोकं तापट आहे, हे कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. पण त्या दिवशी रोपांच्या तंबूची चेन उघडून आत पाहिलं आणि आजवरचे सगळे संताप फिके पडले.

मागच्या खोलीत माझा काळा तंबू, आत दिवा, पंखा आणि कायद्यानं घरटी चालतात तेवढी चार गांजाची रोपं. जात अशी, की दिवस मोठा का लहान याच्याशी तिला देणंघेणं नाही. वय झालं की फुलणार. पंच्याहत्तर दिवसांत खेळ खल्लास. सप्टेंबरात गावचं प्रदर्शन भरतं. तिथं भोपळे नि मुरांब्यांशेजारच्या गांजाच्या टेबलावरची लाल फीत, म्हणजे पहिला नंबर, सलग तीन वर्षं माझ्या नणंदेनं, ओडेटनं, पळवली होती. यंदा ती मला हवी होती. बस्स!

आणि अठराव्या दिवशी माझ्या नवऱ्यानं तीन रोपांचे शेंडे खुडून ठेवले होते.

"क्लेम! हे काय करून ठेवलंस?"

"अगं, टोमॅटोचे खुडतो ना? छान डेरेदार होतात."

"टोमॅटोला वेळ असतो रे! यांना जखम भरायचीसुद्धा सवड नाही. आता ही बुटकीच फुलणार! आणि हे चौथं कसं सुटलं तुझ्या हातून?"

"मध्येच फोन आला," तो म्हणाला.

तिथून मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. 'बुटकी तुझी, तूच निस्तर' अशी चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि चौथ्यावर जीव ओवाळून टाकला. काय वाढलं म्हणता! मधला फुलांचा तुरा तर माझ्या मनगटाएवढा जाड. रोज सकाळी भिंग घेऊन बघायचे आणि एकटीच नाचायचे. वेळेवर कापला, दोन आठवडे वाळवला, मोठ्या बरणीत भरला.

प्रदर्शनात बरण्यांवर नुसते नंबर. नावं खाली उलट्या कार्डांवर.

"अगंबाई वहिनी, बरणीत मावला तरी कसा हो?" ओडेट म्हणाली. जळत होती, दुसरं काय!

परीक्षक बाईंनी माझा तुरा मधोमध फोडला. आत करडी बुरशी.

"फारच जाड झाला. आतपर्यंत हवा पोचली नाही," म्हणत त्यांनी बरणी बाजूला सारली.

मला रडूच फुटायचं बाकी होतं. "होतं हो असं," ओडेट माझी पाठ थोपटत म्हणाली. तो हात झटकून टाकावासा वाटला.

शेवटची बरणी उघडली. गोट्यांएवढे बारके तुरे. बाईंनी एक फोडला आणि लिंबासारखा वास थेट भोपळ्यांपर्यंत गेला. त्यांनी दुसरा फोडला, तिसरा फोडला. सगळे आतून स्वच्छ. मग लाल फीत त्याच बरणीला बांधली आणि कार्ड उलटं केलं.

क्लेम हॅवरस्टॉक.

ओडेटचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! मी अशी किंचाळले, की शेजारच्या मंडपातल्या कोंबड्या फडफडल्या. क्लेम खांबाआड उभा होता. गेले आणि कॉलरच धरली त्याची.

"मेल्या, बोलला का नाहीस?"

"दोन महिने माझ्याशी बोललीस का तू? सांगू कुणाला?"

गावचा पाद्री बघत होता, बघू दे. मी नवऱ्याचा मुका घेतला.

"पुढच्या वर्षी चारही खुड," मी म्हटलं.

"आणि मध्येच फोन आला तर?"

"मी घेईन."