रेडिओसमोरचं मडकं

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या टेकडीवरच्या एका घरात या. इथे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दारात पिंपं, बादल्या भरून ठेवलेल्या, सगळ्यांवर झाकणं. आत खाटेवर लिंडाल्वा बसली आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात ती दुसऱ्यांच्या लेकरांना जेवू घालते. स्वतःचं लेकरू व्हावं म्हणून दवाखान्याचे खेटे घालून घालून मात्र थकली आहे. प्रयोगशाळेत तयार झालेला तिचा गर्भ सोमवारी तिच्या पोटात ठेवायचा आहे. आणि आज तिच्या हातांवर लाल पुरळ उठलं आहे, डोळे जळताहेत.

“उष्णतेचं असेल,” सासूबाई झुलैदे म्हणाल्या. “डॉक्टरणीला सांगत बसू नकोस. लगेच पुढे ढकलेल ती.”

“आणि डासांचा तो झिका ताप निघाला तर? पोटातल्या बाळालाच बाधतो तो. समोरच्या रोझिल्डाचं बाळ बघितलंत ना? केवढंसं डोकं त्याचं!”

“तोंड शिवून टाकीन तुझं! पाद्रीबाबांचं पाणी आहे ना आपल्याकडे? सोमवारी पिऊन जा, झालं.”

रेडिओवर पाद्रीबाबांची प्रार्थना लागली की झुलैदे त्याच्यासमोर पाण्याचं मडकं ठेवत, आशीर्वाद उतरावा म्हणून. डासांसाठी घरोघर पाणी तपासणारा माणूस त्यात औषध टाकेल या धास्तीने त्यांनी ते खाटेच्या उशाशी, मारियामातेच्या मूर्तीमागे दडवलं होतं. उघडंच. झाकणाने आशीर्वाद अडायला नको.

लिंडाल्वाची सात वर्षांची भाची जासिरा तिथेच खेळत होती. तिने मडकं उजेडात ओढलं.

“मावशी, आजीच्या पाण्यात किडे नाचतायत! उलटे लटकून!”

झुलैदे वाकल्या. चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

“आमच्या बाईंनी दाखवले होते असले,” जासिरा म्हणाली. “ह्यांचेच डास होतात.”

“देवाच्या पाण्यात कसे होतील गं?” झुलैदे म्हणाल्या.

“डासाला काय कळतंय, आई,” लिंडाल्वा म्हणाली. रागवायचंही त्राण नव्हतं तिच्यात. तिने फोन उचलला.

“डॉक्टर, अंगावर पुरळ आलंय... हो, काल कणकण होती... किती महिने थांबायचं? ... बरं. तोवर गर्भ नीट राहील ना, तुमच्या त्या बर्फात? ... बरं.”

फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडली. झुलैदे तिच्या पायाशी बसल्या आणि तिचे पाय चेपू लागल्या.

जासिराने मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि अंगणातल्या तापलेल्या फरशीवर रिकामं केलं. डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, असं बाईंनी सांगितलं होतं. म्हणून तिने घासणी घेऊन ते आतून खसाखसा घासलं. मग मारियामातेसमोर नेलं, हात जोडले, आणि पालथं घालून ठेवलं.