काढलेला तेलपंप

दोघा भावांची बोट एकच होती, इंजिन एकच होतं, आणि वर्षभरात दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. कारण सांगायलाही लाज वाटावी असं. धाकट्याने धक्क्याला दोर नीट बांधला नाही म्हणून थोरला उतारूंसमोर त्याच्यावर खेकसला होता. तेव्हापासून सकाळच्या फेऱ्या थोरल्याच्या, दुपारनंतरच्या धाकट्याच्या. पेट्रोलचे कॅनसुद्धा वेगळे. जेवण मात्र एकत्र, वहिनीच्या हातचं, आणि इकडचे तिकडचे निरोपही तिच्याच तोंडून.

इंजिन धाकट्याच्या हट्टाने घेतलेलं. जुन्याला पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळावं लागे. याला तेलाची वेगळी टाकी होती आणि पंप हवं तेवढं तेल आपणहून इंजिनाला पाजायचा.

"हात बरबटायचे दिवस गेले," धाकटा म्हणायचा.

थोरल्याचा त्या पंपावर कधी विश्वास बसला नाही. तेल आत पोचलं की नाही हे कळायचं कसं?

मग तेल संपल्याचा भोंगा उगाचच वाजू लागला. टाकी भरलेली, तरी याचं बोंबलणं चालूच. थोरल्याने मेकॅनिकला बोलावलं.

"पंपाचं चाक झिजलंय," मेकॅनिक म्हणाला. "कधी दगा देईल नेम नाही. काढूनच टाकू या. जुन्यासारखं पेट्रोलातच तेल मिसळा, पन्नास लिटरला एक लिटर. आणि भावाला सांगा बरं का, दादा."

"सांगतो."

घरी येऊन थोरला बायकोला म्हणाला, "त्याला सांग, पंप काढलाय. तेल मिसळून घाल म्हणावं."

ती कपडे पिळत होती. पिळता पिळता थांबली. "तुम्हाला तोंड नाही? शेजारी शेजारी जेवायला बसता आणि मी मधे टपाल वाहते! आजपासून बंद. तुमचं तुम्ही सांगा."

या निमित्ताने तरी बोलतील, असं तिला वाटलं. थोरल्याला वाटलं, रागाने बोलली, पण सांगेल. नेहमी सांगतेच.

दुपारी धाकट्याने तेलाची टाकी पाहिली. काठोकाठ. मेकॅनिकने ती तशीच ठेवली होती. भोंगाही गप्प होता, त्याला बरं वाटलं. त्याने आपल्या कॅनमधलं नुसतं पेट्रोल ओतलं. थोरल्याचं मिसळलेलं थोडं तळाशी होतं, त्यावर पहिली फेरी निभावली. दुसऱ्या फेरीला भर पाण्यात इंजिनाचा आवाज कोरडा पडला, आत काहीतरी किंचाळलं आणि सगळं थांबलं. त्याने दोरी ओढली. तसूभर हलेना. उतारूंनी आळीपाळीने वल्ही मारून बोट किनाऱ्याला लावली.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. पिस्टन आतच अडकून बसलेला, सिलिंडर ओरखड्यांनी खरवडून निघालेला. "यात आता काही राम नाही," तो म्हणाला. "नुसतं पेट्रोल घातलंत? पंप काढल्याचं दादांनी सांगितलं नाही?"

धाकट्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. "एक शब्द टाकता आला नाही तुला?"

"तुझ्या वहिनीला सांगितलं होतं."

"मी नाही म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. बातमी कळताच तीही धक्क्यावर आली होती.

मग वर्षभराचं सगळं बाहेर आलं. दोघं इतके बोलले की धक्क्यावरची माणसं काम टाकून जमली. वहिनीला वाटलं, भांडू देत, निदान बोलतायत. पण त्या भांडणात जे शब्द गेले ते परत घेण्यासारखे नव्हते. धाकट्याने त्याच संध्याकाळी आपलं अंथरूण उचललं.

तो आता दुसऱ्याच्या लाँचवर कामाला आहे. थोरला वल्ह्यांवर माणसं नेतो. येतात ती म्हातारी आणि ज्यांना घाई नाही अशीच. लाँच रोज त्याच्या बोटीजवळून जाते. सुरुवातीला धाकटा तिथे वेग कमी करायचा, म्हणजे लाटेने बोट डुलायला नको. मग हळूहळू तेही सुटलं. थोरला वल्ही आत घेतो, बोटीची कड घट्ट धरतो आणि पाणी शांत होईपर्यंत उतारूंना म्हणतो, "बसून राहा, हलू नका."